पहिला पीस, शेवटचा पीस

रविवारी सकाळी मी सायकल काढली की चाळीतलं कोणीतरी विचारायचं, "कुठं निघालात?" मी खरं तेच सांगायचो, "दारू भरायला." चिंचवडला आम्ही नवीन होतो, बार्शीकडून आलेलो. महिनाभरात शेजारणींनी बायकोला नळावर गाठलं. माणूस दिसायला सरळ, कंपनीत टूलरूमला कामाला, आणि रविवार उजाडला की हे काय? तिनं सांगितलं, प्यायची नव्हे, काडतुसात भरायची दारू. ते ऐकून त्यांची आणखीनच पाचावर धारण बसली.

चीनच्या लढाईनंतर ठिकठिकाणी नेमबाजीचे क्लब निघाले, तसा पिंपरीच्या कारखान्यांतल्या माणसांचाही एक निघाला होता. निगडीच्या पुढं तेव्हा माळ आणि बाभळी. तिथल्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत आमची रेंज होती आणि शेजारी पत्र्याची एक खोली. सेक्रेटरी म्हणजे मावळातले एक निवृत्त सुभेदार. परवाना, दारूचा डबा, कपाट, सगळं त्यांच्या कडक नजरेखाली. नवीन काडतुसं फार थोडी मिळायची, त्यामुळं उडवलेल्यांची पितळी केसं, म्हणजे रिकामी नळकांडी, वेचून आणून ती परत भरायची. केस स्वच्छ करून हाताच्या प्रेसवर मापात आणायचं, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, तराजूवर तोललेली दारू आत सोडायची आणि वरून शिशाची गोळी दाबायची. हे काम माझ्याकडं होतं, म्हणून खोलीची एक किल्लीही माझ्याच घरी असायची. सुभेदारांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भरनारा एकच हात पायजे. दोन हात लागलं की मग चूक कुनाचीच न्हाई. दुसरा कोन प्रेसला शिवला तर त्याला क्लबातनं काढला म्हून समज."

हा एक हात आपला, याचा मला गर्व होता. उगाच साधेपणाचा आव आणत नाही. टूलरूममध्ये, जिथं कारखान्याचे साचे, डाय बनतात, माणसाची किंमत हातावर ठरते. "त्याला हात आहे," असं फोरमन एकदा म्हणाला की त्याच्यापुढं कुठल्या सर्टिफिकेटाची मातब्बरी नव्हती. टूलरूमची शिस्त मी क्लबातही नेली. दारू सोडलेली पन्नास केसं लाकडी ट्रेमध्ये उभी करायची आणि गोळी बसवण्याआधी बॅटरी मारून एकेका केसात डोकावायचं, पन्नासच्या पन्नास. मग खोक्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवायची: तारीख, माझा कंपनीतला टोकन नंबर आणि सही.

या काडतुसांचा खरा धनी होता माझा मित्र. आमच्याच कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होता, पुण्याकडचा, बोलण्यात गोड. आम्ही एकाच बसनं यायचो-जायचो. क्लबात सगळ्यांत चांगला नेमबाज तोच. बत्तीस बोरचं विलायती रिव्हॉल्वर सुभेदारांनी तीन वर्षं कागद नाचवून क्लबासाठी मिळवलं होतं. आम्ही त्याला पिस्तूलच म्हणायचो. ते जवळपास त्याच्यासाठीच होतं असं म्हणायला हरकत नाही, कारण ते त्याच्या हाताला मी बसवलं होतं. मूठ करायची म्हणून मी बायकोकडून घट्ट कणकेचा गोळा मागून घेतला आणि त्याला तो मुठीत दाबायला लावला. बायको म्हणाली, "पोळ्या राहिल्या बाजूला, आता भाऊजींचे हात लाटा." त्या कणकेच्या मुठीवरून शिसवीची मूठ कोरायला मला दोन महिने लागले. चापाचंही तसंच. आतल्या दोन लहानशा कडा ऑइलस्टोनवर घासायच्या, जोडायचं, ओढून बघायचं, परत खोलायचं. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघतात ना, तसा चाप सुटायला हवा, कट्‌, आधी नाही आणि नंतर नाही. जरा जास्त घासलं तर स्पर्धेचा पंच चापाला वजन टांगून बघतो आणि पिस्तूल बाद करतो. माझं एकदाही बाद झालं नाही. तो बक्षीस घेऊन आला की आधी आमच्याकडं यायचा आणि बायकोला म्हणायचा, "वहिनी, नेम माझा असेल, पण हात तुमच्या मालकांचा." मला ते फार आवडायचं. अजूनही आठवतं, म्हणजे किती आवडत असेल बघा.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष. मुंबईला राज्याच्या स्पर्धा होत्या आणि त्यातून देशपातळीसाठी संघ निवडायचा होता. मी त्याच्यासाठी चार खोकी भरून ठेवली होती. त्याच आठवड्यात कंपनीत एक मोठा डाय अडला आणि मला रोज ओव्हरटाइम लागला. तो मुंबईला गेला तेव्हा त्याला निरोप द्यायलाही मी जाऊ शकलो नाही.

सोमवारी बसमध्ये तो दिसला नाही. संध्याकाळी सुभेदारांचा निरोप आला, क्लबात ये. गेलो तर पाच-सहा जण बसलेले. टेबलावर पिस्तूल. त्याची नळी मधोमध फुगलेली, अंगठा फिरवला तर हाताला लागत होती. स्पर्धेत एका काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरानं गोळी निघाली आणि नळीत अर्ध्यात अडकली. शेजारच्यांच्या दणक्यात त्याला ते कळलं नाही आणि त्यानं पुढची झाडली. डोळा वाचला हेच नशीब. पिस्तूल कायमचं गेलं.

सुभेदारांनी खोक्याचं झाकण माझ्यापुढं ठेवलं. "ह्यो नंबर तुजा हाय?"

"होय साहेब."

"सही?"

"माझीच."

"मंग?"

मी काय बोलणार? मित्र खिडकीशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, चूक कोणाकडूनही होते. ओव्हरटाइम चाललाय त्याचा. माणूस थकतो." मला रडू फुटायचंच बाकी राहिलं होतं. ज्याचा डोळा जाता जाता वाचला तोच माझी बाजू घेत होता. मी खिशातली खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. सुभेदार म्हणाले, "किल्ली मी मागितली न्हाई." पण त्यांनी ती परतही दिली नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "माझ्या हातून चूक झाली." तिनं पुढ्यात ताट ठेवलं.

त्यानंतर माझ्या डोक्यात जे झालं ते सांगायला मला लाज वाटते. मी चूक शोधायला लागलो आणि ती मला सापडली. पंधरवड्यापूर्वीच्या रविवारी दारू तोलताना बाहेर कोणीतरी चहाला हाक मारली होती. मी उठलो होतो. परत आल्यावर एक केस राहिलं असणार. आधी नुसतं "असणार" होतं. वर्षभरात ते केस मला दिसायला लागलं, तिसऱ्या ओळीतलं डावीकडून दुसरं. त्यावर बॅटरी न मारता पुढं सरकलेला माझा हातही दिसायला लागला. शपथेवर सांगितलं असतं, इतकं स्पष्ट.

टूलरूममध्ये बातमी पोचलीच. "काय राव, दारू कमी पडली का?" असं विचारून लोक हसायचे, पुढं विसरले. मी विसरलो नाही. एक माप पाच-पाच वेळा घ्यायला लागलो. जे काम मी दिवसात करायचो त्याला दोन दिवस लागायला लागले. तीन वर्षांनी फोरमननं बोलावून सांगितलं, इन्स्पेक्टरची जागा आहे, तुझं नाव घालतो. मी म्हणालो, नको साहेब. दुसऱ्याचं काम पास करायला आपण कोण? फोरमननं माझ्याकडं वेड लागल्यासारखं बघितलं आणि माझ्याहून चार वर्षं मागं असलेल्या माणसाला ती जागा दिली. मित्राशी मात्र संबंध अधिकच घट्ट झाला. त्यानं मला माफ केलं आहे, असं मी धरून चाललो होतो. दिवाळीच्या फराळाचा पहिला डबा त्याच्याकडं जायचा. त्याची सायकल, पुढं स्कूटर, घरचा मिक्सर, जे बिघडेल ते मी नीट करून द्यायचो. तो "अरे, कशाला?" म्हणायचा आणि घ्यायचा.

अशी दहा वर्षं गेली. निगडीच्या प्राधिकरणात आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं. सुभेदार गावी गेले आणि क्लब मित्राच्या हाती आला. एक दिवस तो घरी येऊन म्हणाला, "नवीन सभासद आलेत. चाप कसा बसवतात तेवढं एकदा दाखव. आता तरी मनातून काढ, राव." बायकोनंही आग्रह केला. पुढच्या रविवारी मी दहा वर्षांनी खाणीकडं सायकल वळवली. रस्त्यात दोनदा उतरलो, पाणी प्यायचं निमित्त करून.

खोलीचं दार उघडं होतं. आत प्रेसपाशी तो उभा, समोर सात-आठ जण, सगळे कारखान्यांतलेच. तो त्यांना काडतुसं भरायचं समजावत होता. मी चपला काढत होतो तेवढ्यात ऐकलं.

"आपली कारखान्यातली खोड इथं आणायची नाही. पहिला पीस बघितला, शेवटचा पीस बघितला, दोन्ही ओके, लॉट पास. प्रेसशॉपला चालतं. इथं प्रत्येक केसात बघायचं. मी एकदा पहिलं आणि शेवटचं तेवढं बघितलं होतं. मधलं एक रिकामं निघालं. चांगलं पिस्तूल गेलं, डोळा जाता जाता वाचला."

मी चप्पल हातात धरून तसाच उभा राहिलो. पहिला पीस, शेवटचा पीस ही हजारांनी एकसारखे पीस काढणाऱ्या प्रॉडक्शनवाल्यांची भाषा. टूलरूमला आम्ही एकेकच वस्तू बनवतो. तिथं पहिला पीस हाच शेवटचा, मधलं सोडून द्यायची सवय अंगी लागणार कुठून? उभ्या जन्मात मी तसं काम केलेलं नाही. आणि तो म्हणाला, मी. मी बघितलं होतं.

कोणीतरी विचारलं, "कुठं झालं सर, हे?" त्यानं उत्तर द्यायला मान वर केली आणि दारात मी.

तो बाहेर आला. मला धरून बाभळीपर्यंत नेलं. मी एवढंच विचारलं, "खोकं माझं होतं ना?"

"खोकं तुझं. काडतुसं..." त्यानं मानेवरून हात फिरवला. "अरे, सरावात तुझी जास्त उडवली मी. चाळीसेक कमी पडत होती. शनिवारी तू ड्यूटीवर. वहिनींकडून किल्ली घेतली आणि तुझ्याच रिकाम्या खोक्यात भरली. घाई होती."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"बोलायलाच उभा होतो मी. पण साहेबांनी मला विचारायच्या आत तूच होय म्हणालास."

"मला नंबर विचारला होता. नंबर माझाच होता."

"मला काढलं असतं रे क्लबातनं. तुझं काय गेलं? नोकरी होती, घर होतं. मी तर एका शब्दानं तुझं नाव घेतलं नाही. उलट तुझीच बाजू घेतली." आणि मग तो वैतागला. हे मी कधी विसरणार नाही, त्याला माझाच राग आला. "तू इतकं मनाला लावून घेशील हे मला काय माहीत?"

खोटं त्यात एकही वाक्य नव्हतं. मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली आणि मारली नाही, याचं आजही वाईट वाटतं. दहा वर्षांचे फराळाचे डबे डोळ्यांपुढं आले. त्याच्या मिक्सरचा कार्बन बदलताना जमिनीवर बसलेला मी आणि वर पेपर वाचत बसलेला तो. चूक केली, घाबरला, गप्प बसला, इथपर्यंत मी एखाद्या दिवशी समजून घेईनही. पण मी त्याचे उपकार मानत राहिलो आणि तो ते मानून घेत राहिला, हे नाही.

चप्पल पायात सरकवली आणि सायकल हातात धरून चालत घरी आलो. बायको अंगणात पापड वाळत घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती पापड ठेवून ऐकत होती. किल्लीपाशी आलो तेव्हा म्हणाली, "हो, नेली होती की भाऊजींनी. शनिवारी दुपारी. संध्याकाळी आणून दिली."

"तुला माहीत होतं?"

"मला वाटलं तुम्हीच धाडलंय."

"अगं, मग त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा सांगायचं नाही का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते मित्रावरच्या रागानं नव्हे.

"तुम्ही दारातच म्हणालात, माझ्या हातून चूक झाली," ती म्हणाली. "दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी भांडले असते. तुम्हीच म्हणालात. मग मी काय बोलणार?"