मागचं द्या

आमचे बाबा दुकानात समोर मांडलेली वस्तू कधी घेत नाहीत. दूध असो, बल्ब असो, "मागचं द्या." पुढे ठेवतात ते खपवायचं असतं, चांगलं ते मागे दडवतात, असं त्यांचं ठाम मत. गल्लीतले दुकानदार आपसांत त्यांना 'मागचंद्या'च म्हणतात.

मी घरी बसून, न बांधलेल्या इमारती कशा दिसतील याची हलती चित्रं करते. ऐन मोठ्या कामात कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जळालं. त्याच्याशिवाय चित्रं होत नाहीत, आणि बाजारात कार्डांचे भाव दुप्पट झालेले. बिल्डर म्हणाला, "पुढच्या सोमवारी चित्रं दे, वर्षभराचं काम तुझं. नाहीतर दुसरं कोणी बघतो."

"भाव मुद्दाम चढवलाय," बाबा म्हणाले. "थांब, येईल खाली."

"तोवर काम जाईल, बाबा."

"हा बिल्डर त्या कार्डवाल्या दुकानदाराचा कोण लागतो, ते आधी बघ."

आठवडा याच घोळात गेला. शनिवारी मी मनाचा हिय्या करून पर्स उचलली, तर बाबा आधीच चपला घालून दारात.

दुकानात दोनच कार्डं उरली होती. एक काउंटरवर, दुसरं मागच्या फळीवर.

"मागचं द्या."

"काका, ते गिऱ्हाइकाने परत केलंय, तपासायचंय अजून. हे घ्या, सीलबंद आहे."

बाबांनी मला कोपराने ढोसलं. "बघ, लपवतोय."

मीही शेवटी त्यांचीच मुलगी. शंकेची पाल चुकचुकलीच. हा पुढचंच गळ्यात का मारतोय? दुकानदाराने हात टेकले. "न्या. पण मी सांगितलंय हं."

घरी बसवलं. कार्डाचे पंखे फिरले, पडदा काळाच. रविवारी दुकान बंद. सोमवारी दुकानदाराने कार्ड ठेवून घेऊन पैसे परत केले. पुढचं कार्ड मात्र शनिवारीच विकलं गेलं होतं. दुपारी बिल्डरने काम दुसऱ्याला दिलं.

मला इतका संताप आला होता की बाबांकडे बघवेना. बुधवारी सकाळी ते दूध घेऊन आले आणि खाली बघत म्हणाले, "पुढचीच पिशवी आणलीय." आयुष्यात पहिल्यांदा ते माफी मागत होते.

मी दूध तापत ठेवलं. ते फाटलं.

आम्ही दोघं पातेल्यात बघत राहिलो. बाबांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. बोलायची केवढी उबळ आली असेल! हातचं काम गेलेलं, आणि मला हसू आवरेना.

"जा," मी म्हटलं, "मागची घेऊन या."