दोन खोल्यांमधली वायर

रोझीबाई गणित शिकवायच्या, पण वर्गात खोडरबर त्यांना चालत नसे. उत्तर चुकलं तर त्यावर आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा सोडवायचं. "चूक दिसाक व्होयी रे," म्हणायच्या, "नायतर परत तीच करतलंस." मालवणच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं होतो. माझ्या वह्यांत गणितांपेक्षा रेघाच जास्त.

पुढे मी बाजारात संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा निवृत्त झालेल्या बाईंनी मला घरी बोलावलं. त्यांचे धाकटे भाऊ दुमिंगबाब बोटीवरची नोकरी संपवून परतले होते आणि वर्षभरातच अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. डाव्या हाताच्या एका बोटाने ते संगणकावर लिहीत, पण कुणी शेजारी उभं राहिलं की हात मांडीवर! जन्मभर ताठ मानेने वागलेल्या माणसाला अडखळणारं बोट बहिणीलाही दाखवायचं नव्हतं. त्यांनी आतल्या खोलीत लिहावं आणि ते पडवीतल्या संगणकावर उमटावं, एवढंच बाईंना हवं होतं. "माझ्यासमोर तो लिवचो नाय," त्या म्हणाल्या. "वायरीतना बोलतलो."

मी वायर टाकली, पण दोन्ही संगणक एकमेकांना ओळख देईनात. प्रत्येकात बाहेरून येणारं अडवणाऱ्या दोन-दोन फायरवॉल चालू होत्या. एक संगणकाची स्वतःची, दुसरी व्हायरस अडवणाऱ्या प्रोग्रामची. एकीला दिलेली परवानगी दुसरीच्या गावीही नव्हती.

"एका टायमाक एकच बदल कर," बाई मागून म्हणाल्या.

मला घाई होती. दिसेल ते बंद करत सुटलो, आणि पडवीतल्या पडद्यावर शब्द आले, "रोझी, कढीत मीठ जास्त." बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"खंयच्यान चालला ता?" त्यांनी विचारलं.

नेमकं कशामुळे चाललं, ते मलाही ठाऊक नव्हतं. "चाललं ना, बाई!" म्हणत मी स्कूटरला किक मारली.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. प्रोग्राम अपडेट झाला आणि बोलणं बंद पडलं. मी म्हटलं, रविवारी येतो. पण तळेऱ्याला एका कॉलेजचं मोठं काम घेतलं होतं, आणि रविवार जात राहिले. "येतलंस मां रे?" बाई दर वेळी तेवढ्याच सबुरीने विचारत, आणि मी खुशाल थाप मारी. एकदा तर फोन उचललाच नाही. अडीच महिन्यांनी कळलं, दुमिंगबाब गेले.

महिन्याने चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा झाली, तिला गेलो. नंतर बाईंनी मला संगणकासमोर बसवलं.

"आता कशाला, बाई?"

"माका कळाक व्होया."

या वेळी मी एकेकच बदल केला. दहा मिनिटांत सापडलं. मी बंद केलेली फायरवॉल अपडेटने पुन्हा चालू केली होती. दोनांतली एकच ठेवायची आणि तिला सांगायचं, पलीकडचा संगणक घरातलाच आहे.

"इतक्याच?"

"होय, बाई."

"फोनार सांगलं असतंस तर माका जमला असता," बाई शांतपणे म्हणाल्या. "वायर बंद पडली, मगे तो लिवलोच नाय."

ज्यांनी मला विचार करायला शिकवलं, त्यांना एवढं जमेल हे मला सुचलंच नव्हतं. याची लाज मला अजून वाटते. बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या उठून आत गेल्या, भावाच्या खुर्चीत बसल्या. थोड्या वेळाने पडवीतल्या पडद्यावर एक शब्द उमटला, "येता?" लिहिलेलं पोचतं का, ते त्या बघत होत्या.

"येतंय, बाई," मी लिहिलं. "मला माफ करा."

 मग बाईंना पुढे स्वतः करता यावं म्हणून एकेक पायरी कागदावर लिहून ठेवली.