बाळाचं वजन कराले आली जी

आमच्या गावात आशाताईच्या पिशवीतून बीपीची मशीन निघाली की पारावरचे झाडून सारे पुरुष दंड पुढे करतात. सगळ्यात आधी बाही सरकवतात ते माझे सासरे किसनराव, म्हणजे आमचे मामाजी. दोन वर्षांपूर्वी याच मशीनने त्यांचं बीपी पकडलं. तेव्हापासून सकाळची गोळी ते देवपूजेसारखी पाळतात. पण तीच मशीन घेऊन आशाताई घरातल्या बाळंतिणीकडे आली, की दार अर्धंच उघडतं. या गोष्टीची मला चीड आहे.

आशाताई, म्हणजे आमच्या गावच्या आशा सेविका, जयवंताबाई. पंचेचाळिशीच्या, तोंडाने फटकळ. बाळंतिणीला पाहायला आले म्हटलं की लोक 'ती बरी हाये' म्हणून वाटेला लावतात, हे त्या ओळखून आहेत. म्हणून अंगणातूनच ओरडतात, "बाळाचं वजन कराले आली जी!" बाळासाठी दार लगेच उघडतं. मग वजन झालं की आईच्या दंडालाही पट्टा बांधून घेतात. "सारे बाळाचंच इचारतात," त्या म्हणतात, "माय मेली तं दूध काय वजनकाटा पाजन?"

माझी नणंद प्रतीक्षा गेल्या वर्षी अकोल्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. शेवटच्या महिन्यात बीपी चढलं. अमरावतीच्या दवाखान्यात मुलगी झाली. सुटी देताना डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बीपी मोजत राहा म्हणून बजावलं. घरी आल्याबरोबर सासूबाईंनी त्या गोळ्या तिखटाच्या डब्यामागे सारल्या.

"बाळंतपण झालं, आता कायचं बीपी? दुधातून लेकराले जातीन गोळ्या."

मी पाहत होते आणि पोळ्या लाटत होते. दोन वर्षं झाली होती लग्नाला, पण या घरात माझं तोंड जेवण्यापुरतंच उघडायचं.

सातव्या दिवशी सकाळपासून प्रतीक्षाचं डोकं ठणकत होतं. चेहरा सुजला होता, समोरचं अंधुक दिसत होतं. वारं लागलं म्हणून सासूबाईंनी तिच्या डोक्याला फडकं करकचून बांधलं आणि खाटेखाली शेगडी सरकवली. तेवढ्यात अंगणातून हाक आली, बाळाचं वजन कराले आली जी.

बाळाचं वजन झालं. मग जयवंताबाईंनी पट्टा बांधला. एकशे सत्तर, एकशे दहा.

"गाडी बोलवा. आत्ताच्या आत्ता."

"मशीन बिघडली अशीन तुह्यी," सासूबाई म्हणाल्या. "पाच दिवसांनी बारसं हाये. अकोल्याचे सोयरे येऊन राहिले. त्याईले काय सांगू?"

मामाजी ओसरीवरून आत आले. "येवढी घाई कायले करता बाई? माह्यी अर्धी गोळी देऊन देतो तिले. बीपीचीच हाये."

 जयवंताबाईंनी पट्टा सासूबाईंना बांधला. बरोबर. मला बांधला. बरोबर. मामाजींना बांधला. थोडं जास्त, नेहमीसारखंच. पुन्हा प्रतीक्षाला बांधला. एकशे चौऱ्याहत्तर, एकशे बारा.

"काकाजी, याच मशीननं तुमचं बीपी काढलं, तवा दुसऱ्याच दिवशी मोर्शीच्या डॉक्टरकडे पयाले होते न तुमी? तुमच्या दंडावर मशीन खरी, अन् पोरीच्या दंडावर खोटी? अन् तुमची गोळी तिले? कोणाचीबी गोळी कोणालेबी द्याले ते काय चणेफुटाणे हायेत?"

मामाजी परत ओसरीकडे वळले.

"दवाखान्यानं देल्ल्या गोळ्या कुठं हायेत?"

 मीच म्हटलं, "तिखटाच्या डब्यामागं."

जयवंताबाईंनी पाकीट काढून पाहिलं. एकही गोळी फोडलेली नव्हती. त्या माझ्याकडे वळल्या. "तुले माहीत होतं? काहून नाही सांगतलं मंग?"

मी बाळाची दुपटी पिशवीत भरायला घेतली.

प्रतीक्षाला अमरावतीला नेलं. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं दिली, सहा दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई आम्हा सगळ्यांवर कडाडल्या. बाळंतपणानंतरही दीड महिना बीपी चढू शकतं, डोकं ठणकलं, अंधुक दिसलं, पोटात वरच्या बाजूला दुखलं तर फडकी बांधत बसायचं नाही, म्हणाल्या. पोरगी वाचली. आणि घरी आल्यावर सासूबाईंनी काय केलं? नवस फेडला. पुढे ढकललेल्या बारशाला आलेल्या बायकांना सांगितलं, नजर लागली होती, उतरली. जयवंताबाई दाराजवळ बसून हे ऐकत होत्या. कोणी त्यांचं नाव घेतलं नाही. मीही नाही.

आता मला सातवा महिना आहे. आठ दिवसांपासून पायांवर सूज आहे, काल चेहऱ्यावरही आली. सासूबाई म्हणतात, "पाणी उतरलं. सगळ्याईलेच होते."

आज सकाळी जयवंताबाई पारावर आल्या. बाजारात न्यायच्या फुलांनी भरलेला टेम्पो घरी उभा ठेवून मामाजी आधीच पारावर बसले होते, बाही वर गेलेलीच होती. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि सगळ्या पुरुषांच्या मधून जाऊन दंड पुढे केला.

"आधी माह्यं मोजा."

 जयवंताबाईंनी दोनदा मोजलं आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. एकशे छप्पन्न, शंभर.

मामाजी बाही खाली करत होते. सासरी आल्यापासून मी त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"मामाजी, टेम्पो काढा. फुलं उद्या जातीन."