व्याह्यांचा ट्रान्सफॉर्मर

परदेशातून आलेल्या वस्तूकडे आमच्या व्याह्यांइतक्या संशयाने बघणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नाही; विमानतळावरचे कस्टमवालेसुद्धा नाहीत. लोक वस्तूचं तोंड बघतात, हे आधी पाठ बघतात. खडकीच्या कारखान्यात विजेच्या खात्यात उभा जन्म गेला, त्यामुळे मागच्या पाटीवरचे व्होल्ट वाचल्याशिवाय ते कुठल्याही यंत्राशी साधी ओळखसुद्धा करून घेत नाहीत. मुलांच्या लग्नात, ऐन रुखवतापुढे, त्यांनी आम्ही मांडलेला मिक्सर उचलला आणि उलटा केला. वरपिताच तो! माझ्या बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. "आमचं काही चुकलं का हो?" तिने भीत भीत विचारलं. "छे हो," व्याही म्हणाले, "वॉट किती ते बघतोय." मानपान, पंगत, फोटो, कशाबद्दल म्हणून त्यांनी चकार शब्द काढला नाही. मिक्सर मात्र पसंत पडल्याचं दोनदा सांगितलं.

पुढे त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी अमेरिकेला गेली आणि व्याह्यांना रानच मोकळं मिळालं. तिकडची वीज एकशेदहा व्होल्टची, इकडची दोनशेतीसची. इकडे काहीही पाठवायचं झालं, की मुलाने दुकानात उभं राहून व्हिडिओ कॉल लावायचा असा दंडक. "समोरून नको दाखवूस, समोरून सगळी नटवीच असतात. मागची पाटी दाखव. जवळ घे. अरे, आणखी जवळ!" पाटीवर शंभर ते दोनशेचाळीस असेल तर पास. नुसतंच एकशेदहा असेल तर "ठेव परत. इथे लावलं की धूर." टोस्टर, रेडिओ, पाय चेपायचं यंत्र, सगळ्यांची अशी परीक्षा व्हायची आणि बहुतेक वेळा घरी काहीच यायचं नाही. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, घ्यायचं नाही तर त्या पोराला दुकानभर हिंडवता कशाला?" त्यावर ते म्हणाले, "एरवी पाच मिनिटांत फोन ठेवतो हो. दुकानात असला की बोलतो." माझी मुलगी तर "बाबा, जेवलात ना?" एवढं विचारते आणि ठेवते.

माझी बायको गेली त्या वर्षी मुलं आली ती माझ्यासाठी कॉफीचं यंत्र घेऊन. एकटा माणूस, बटण दाबलं की कॉफी, असा त्यामागचा उदात्त विचार. व्याह्यांना दाखवायचं मात्र राहून गेलं आणि खोकं न उघडताच मुलं परतली. मी आपली कोपऱ्यावरच्या दुकानातून इथल्या सॉकेटात बसणारी पिन आणली, यंत्र भिंतीत खुपसलं आणि कौतुकाने व्याह्यांना फोन लावला. "बटणावरचा हात काढा!" ते असे ओरडले, की मी यंत्रापासून दोन हात लांब उडालो. "अहो, पण पिन अगदी व्यवस्थित बसलीये." "पिन बसली म्हणून यंत्र चालतं? मग पत्रिका जुळल्या की सगळे संसार चालले असते!"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, व्याही खडकीहून निघून, स्वारगेटला बस बदलून, बिबवेवाडीत माझ्या दारात हजर. पिशवीत दोनशेतीसचे एकशेदहा करणारा ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर कसला, वायर लावलेला पाटा-वरवंटाच तो! भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये त्यांनी तो जोडला, यंत्र घुरघुरलं, आम्ही कॉफी प्यायलो. निघताना त्यांनी तो पुन्हा पिशवीत घातला. "राहू द्या की इथेच," मी म्हणालो. "नको. तुम्ही त्याला इस्त्री लावाल." तेव्हापासून दर गुरुवारी हेच. त्या ओझ्याने त्यांचा उजवा खांदा खाली आला, पण ट्रान्सफॉर्मर काही माझ्याकडे मुक्कामाला राहिला नाही. कॉफी झाली की "अजून गरम आहे, निवू दे" म्हणत ते दिवेलागणीपर्यंत बसायचे. त्यांची बायको माझ्या बायकोच्याही आधी गेलेली. आणि कारणाशिवाय व्याह्याच्या घरी जायचं नाही, मुलाच्या बापाने तर नाहीच नाही, अशा शिस्तीत वाढलेला हा माणूस. ते कारण पिशवीत घालून आणतात हे न कळायला मी काय दूधखुळा आहे? म्हणून तर मी माझा वेगळा ट्रान्सफॉर्मर कधी विकत आणला नाही.

गेल्या दिवाळीत मुलं आली. व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांचा खांदा बघून माझी लेक आधीच कळवळली होती, म्हणून येताना दुबईहून कॉफीचं नवं यंत्र घेतलेलं. "पाटी मी स्वतः वाचलीये, बाबा," जावई ऐटीत म्हणाला. "आता तो दगड वाहायला नको तुम्हाला!" व्याह्यांनी चष्मा लावला आणि यंत्र उलटं केलं. "दोनशेवीस ते दोनशेचाळीस," ते म्हणाले. "चालेल." मग मुलाच्या पाठीवर थाप मारली, "शिकलास हो," आणि चष्मा खिशात ठेवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत.

मुलं गेली. गुरुवार आला, व्याही आले नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाहीत. फोन केला तर म्हणे गुडघा जरा कुरकुरतोय. मीही कसला नग! "बरं, जपा" म्हणून ठेवून दिला. नवं यंत्र अगदी गुणी, हूं की चूं न करता एका माणसाची कॉफी करायचं. ती मला घशाखाली उतरेना. शेवटी पुन्हा फोन लावला. "या की गुरुवारी."

"का हो? बिघडलं का यंत्र?" आवाजात केवढी आशा!

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मला एकदम संतापच आला, त्यांचा, माझा, त्या दुबईच्या यंत्राचा. "काही बिघडलेलं नाही! उत्तम चाललंय! मला करमत नाही तुमच्याशिवाय. या घरात बोलायला कुणी नाही. येताय की नाही?"

ते नुसतं "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी बेल वाजली. दारात व्याही उभे. दोन्ही हात रिकामे, आणि त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"काही आणलं नाही हो," ते ओशाळून म्हणाले. "नुसताच आलोय."

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना आत घेतलं.