मटण सोडायची मनाची तयारी

चहा घ्या, सांगतो. अशी चूक दुसऱ्या कुणी केली असती तर मी वर्षभर हसलो असतो. पण केली मीच, त्यामुळं हसायचं काम तुमच्याकडं.

झालं असं, की माझ्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. साधी चप्पल घालणं मुश्कील. डॉक्टरांनी रक्त तपासलं, युरिक ॲसिड वाढलेलं. म्हणले, मटण बंद करा, जमलं तर कायमचंच सोडा, तीन महिन्यांनी परत बघू.

आता मी धनगराच्या घरातला माणूस. बाप मेंढरं वळायचा, मामा आजही वळतेत. मटण सोडायचं म्हणजे मला आडनाव बदलल्यासारखं वाटायला लागलं. महिनाभर मी नुसतं ठरवूनच राह्यलो. सोमवारी सोडायचो, रविवारी परत धरायचो. माझी बायको सुमन रोज दोन-दोन भाज्या करून वैतागली. एक दिवस म्हणली, "अहो, एक काय ते ठरवा. तुमच्या अंगठ्यापायी माझी कंबर गेली." थकलो तर मीपण होतो. माणूस खाऊन थकत न्हाई एवढा विचार करून थकतो.

मी नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या गोडाऊनला आहे. तिथं माझ्यासोबत गणेश आहे. त्यानं वर्षापूर्वी मटण सोडलं अन् तेव्हापासून माझ्या मागं लागलेला. त्या दिवशी तो सुट्टीवर होता. दुपारी डबा खाता खाता मी त्याला मेसेज लिहिला: 'डॉक्टरांनी आता सोडायला सांगितलं. मनाची तयारी करून राह्यलो. गावाकडं कुणाला बोललो न्हाई.'

गावाकडं न बोलायचं कारण म्हणजे मामा. ते तीर्थपुरीजवळ राहतेत. दर वर्षी मी गेलो की घरचं बोकड कापतेत अन् पहिलं ताट माझं वाढतेत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमचं आता चालत न्हाई?

मेसेज पाठवला, फोन चार्जिंगला लावला अन् ट्रक आल्ता म्हणून गोडाऊनमध्ये गेलो. मेसेज गणेशला गेलाच न्हाई. तो गेल्ता आमच्या घरच्या ग्रुपवर. म्हणजे ज्यांना सांगायचं न्हाई, नेमकं त्यांनाच मी कळवलं, की तुम्हाला सांगितलं न्हाई.

पुढचं मला नंतर कळलं. माझी बहीण कमल कुंभार पिंपळगावला असते. तिनं वाचलं अन् वावरातूनच सुमनला फोन लावला. रडत रडत विचारलं, "वहिनी, दादाला सोडायला सांगितलं म्हणे. किती दिवस म्हणले डॉक्टर?"

सुमनला वाटलं, मटणाचंच चाललंय. अन् कमलला मटणासाठी रडू आलं, यात तिला काही विशेष वाटलं न्हाई, आमचं घरच तसं. ती म्हणली, "तीन महिने बघू म्हणलेत."

कमलनं विचारलं, तुमचं कसं होणार वहिनी?

सुमन म्हणली, "माझं काय, उलट स्वयंपाकाचं काम हलकं होईल."

कमलनं फोन ठेवला अन् मामांना लावला.

संध्याकाळी पाच वाजता मी घरी आलो तर दारात चपलांचा ढीग, अन् जिन्याच्या कठड्याला एक बोकड बांधलेलं.  आत गेलो तर नुकतेच येऊन टेकलेले कमल, तिचा नवरा म्हणजे आमचे दाजी, अन् मामा. मला बघताच कमल गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. मला वाटलं, गावाकडं कुणीतरी गेलं. मी घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

मामा खाली बघत म्हणले, "अजून न्हाई गेलं कुणी."

ते उठले, माझा हात दोन्ही हातांत घेतला.  म्हणले, तुला घरचं बोकड आवडतं, म्हणून घेऊन आलो. 

सुमन चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. मंग तिच्या ध्यानात आलं, अन् माझ्याही, की डॉक्टरांनी माझी आशाच सोडली असं ह्यांनी धरलंय. मी रिपोर्ट काढला, अंगठा दाखवला, म्हणलो, "मामा, मटण. मटण सोडायला सांगितलं."

कमलचं रडणं एकदम बंद झालं. कापसाची वेचणी अर्ध्यात टाकून आल्ती बिचारी. जी खिडकीकडं तोंड करून बसली ती माझ्याशी बोलायलाच तयार न्हाई. दाजी हसू दाबून राह्यले. मामा मात्र उठून जिन्यापाशी गेले अन् बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले.

मला भडभडून आलं. एवढ्या लांबून माणूस माझ्यासाठी जनावर घेऊन येतो अन् मी अंगठ्याचं कौतुक सांगतो. मी म्हणलो, "मामा, वाईट वाटून घेऊ नका. आजच्या दिवस खातो, उद्यापासून सोडतो."

मामांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली. दाजी बोकड घेऊन खाटकाकडं गेले. मामा तेवढा वेळ गॅलरीत पाठ फिरवून बसले.

ताटं वाढली. मी दोनदा रस्सा घेतला, मामांचं मन राखायचं म्हणून. तिसऱ्यांदा घेताना सहज वर बघितलं, तर मामांच्या ताटात वरण, भाकरी अन् कांदा.

विचारलं, तुम्ही घेतलं न्हाई का?

"मी खात न्हाई. सात-आठ वर्षं झाली सोडून. हातानं वाढवलेलं जनावर गिळंना झालं."

सात-आठ वर्षं! दर वर्षी मी त्यांच्या शेजारी बसून जेवलो, पण स्वतःच्या ताटातून मान वर काढली असेल तर शपथ. मी म्हणलो, "मंग मामा, मघाशी बोलायचं ना."

"काय बोलू? तू मटण सोडलं म्हणला, तव्हा मला लई बरं वाटलं. म्हणलं, चला, बोकड परत नेता येईल. मंग तूच म्हणला, आजच्या दिवस खातो."

सगळे जेवायचे थांबले. कमलनंसुद्धा संध्याकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात मटणाची नळी होती.

आता तुम्ही विचाराल, खाली ठेवली का? न्हाई. मान खाली घातली अन् चोखली.