फुलाबाई आणि केनियाची पाहुणी

फुलाबाई आमच्याकडे स्वयंपाकाला येऊ लागल्या तेव्हा माझी पत्नी हयात होती. ती गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "आता एका माणसासाठी कशाला एवढी पायपीट करता?" तर म्हणाल्या, "एका माणसाला भूक नाय लागत व्हय, तात्या?" आणि येत राहिल्या.

त्या मूळच्या इगतपुरीकडच्या डोंगरातल्या. भाताची लावणी आटोपली की नवरा-बायको द्राक्षबागांच्या कामाला नाशिकच्या बाजूला यायचे, ते पुढे इथलेच झाले. नवरा वारला. लेकीच्या मुलीला, आशाला, जन्मापासून ऐकू येत नाही. तिला त्यांनी आपल्याजवळ आणलं आणि नाशिकच्या द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला असलेल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत घातलं. या शाळेच्या वार्षिक अंकात काहीतरी लिहा, असा मुख्याध्यापिका प्रतिभा मॅडमांचा आग्रह आहे. मला लिहायची सवय नाही. जमेल की नाही तेही माहीत नाही. पण फुलाबाईंबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून बसलो आहे.

आशा हुशार आहे, पण तेव्हा फार चिडायची. हवं ते कोणाला समजलं नाही की ताट भिरकावायची. शाळेत खुणांची भाषा नीट शिकवणारं कोणी उरलं नव्हतं. अशात दिवाळीच्या सुटीनंतर बातमी आली की केनियाहून एक तरुण शिक्षिका वर्षभरासाठी येणार आहे. पगार न घेता, सेवा म्हणून. आपल्याकडच्या खुणा ती घरबसल्या इंटरनेटवर शिकली होती. तिला शाळेजवळच्या एखाद्या घरात राहायला जागा हवी होती.

फुलाबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "तात्या, मागची खोली रिकामीच हाय ना?"

मला धास्तीच वाटली. परदेशी मुलगी, माझं मोडकं इंग्रजी. तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलायला कोण सांगतंय? राहायला द्या. खायला मी घालीन."

ती आली. नाव वांबुई. फुलाबाईंनी पहिल्याच दिवशी तिची अंबूताई करून टाकली. उंच, हसरी आणि थंडीने कुडकुडणारी. नाशिकच्या हिवाळ्याची तिला कोणी कल्पनाच दिली नव्हती. पाणी तापवायच्या बंबाची तिला भीती वाटायची. द्वारकेचा चौक ओलांडताना तर ती रस्त्याच्या कडेला खांबासारखी उभी राहायची. फुलाबाई तिचं मनगट धरून, दुसरा हात रिक्षांसमोर आडवा धरून तिला पलीकडे न्यायच्या. पोरं फोटो मागायला जवळ आली की "चला, निघा! तुमच्या मावशीचा फोटो काढा!" असं ओरडायच्या.

आणि खायला घालायच्या. तूप सोडलेल्या पोळ्या, बटाट्याची भाजी, शिरा, बासुंदी. मीही बेकरीतून ब्रेड आणि जॅम आणला. जेवायच्या टेबलाशी वांबुई एकटी बसायची. फुलाबाई एका बाजूला पोळी घेऊन उभ्या, मी दुसऱ्या बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन. पाहुणीचं आटोपल्याशिवाय आपण कसं बसायचं? ती प्रत्येक घासाला 'छान आहे' म्हणायची आणि दिवसेंदिवस कमी जेवायची.

एका गुरुवारी प्रतिभा मॅडम घरी आल्या. चहा पुढे केला तरी घेईनात. म्हणाल्या, "तात्या, तिला पाठवलंय त्या संस्थेकडे तिने बदली मागितलीय. दुसऱ्या एका शहरात तिच्यासारख्या आलेल्या मुली एकत्र राहतात, तिकडे. सोमवारी त्यांचा माणूस येतोय तिच्याशी बोलायला."

"इथे काही चुकलं का?" मी विचारलं.

"तेच तर ती सांगत नाही. म्हणते, सगळे फार चांगले आहेत."

फुलाबाई दारात उभ्या होत्या. मॅडम गेल्यावर मला म्हणाल्या, "आशा आता तिच्याजवळ जाऊन बसायला लागलीय. काल तिच्या हाताकडं बघून स्वतःचे हात हालवीत होती. आता ही गेली तर माझ्या पोरीचं काय, तात्या?"

उत्तर त्यांनीच काढलं. रविवारी पुरणपोळी करायची.

तो रविवार मला चांगला आठवतो. फुलाबाई उजाडायच्या आत आल्या होत्या. पुरण इतकं मऊ वाटलं होतं, पोळी इतकी भरली होती की सणालाही आमच्याकडे तशी झाली नसेल. वर तुपाची धार. वांबुईने ताटाकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे पाहिलं. अर्धी पोळी तिने मन लावून खाल्ली. मग हात जोडले, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

फुलाबाई मागच्या पडवीत जाऊन भिंतीला टेकून बसल्या आणि आपली शिदोरी सोडली. त्या रोज घरून स्वतःचं आणायच्या आणि तिथेच बसून जेवायच्या. मी मागोमाग गेलो. नागलीची, म्हणजे नाचणीची, काळपट भाकरी, ठेचा आणि छोट्या कळशीत आंबील. नागलीचं पीठ रात्रभर आंबवून शिजवलेली, पातळ. गावाकडून नुकतंच नवं पीठ आलं होतं.

"काय कमी पडलं ओ?" त्या म्हणाल्या. "सांगा ना, काय कमी पडलं?"

तेवढ्यात मागे पावलं वाजली. वांबुई पाण्याची बाटली भरायला आली होती. फुलाबाईंनी झटकन कळशी पदराआड घेतली आणि भाकरीवर ताट पालथं घातलं. पण वास कसा लपवणार? वांबुई थबकली. तिने नाकाने हवा ओढली, मग उकिडवी बसली आणि पदराकडे बोट दाखवून हात पुढे केला.

"नाय नाय! तात्या, सांगा तिला, ते आंबलेलं हाय. आमचं हाय ते. सोयरं आलं तर आम्ही शेजारून गहू आणतो, पण पाहुण्याला नागली नाय वाढत कुणी!"

मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, की हे गरिबाघरचं आहे, आंबट आहे.

ती म्हणाली, "आंबटच असायला हवं."

आणि तिने कळशी हळूच सोडवून घेतली, तोंडाला लावली. मला वाटलं एक घोट घेईल. ती पीत राहिली. मग ओठ पुसून 'उजी' असं काहीतरी म्हणाली. तिच्या आजीकडे याच धान्याची, अशीच आंबवलेली पेज सकाळी करतात, असं तिने सांगितलं. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. ती फुलाबाईंच्या शेजारी फरशीवर बसली, पालथं ताट उचललं आणि भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावला.

फुलाबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्या चिडल्याच. "अगं बये, मग आधी नाय सांगायचं? मी इथं तूप ओतून ओतून मरून राहिले! तात्या, सांगा तिला!"

मी सांगितलं. मग धीर करून जे प्रतिभा मॅडमांना कळलं नव्हतं तेही विचारलं. तू जायचं का ठरवलंस? वांबुई म्हणाली, "जेवण छानच असतं. पण मी जेवते तेव्हा तुम्ही दोघं उभे असता. आमच्याकडे एकजण बसून जेवतो आणि बाकीचे उभे राहून बघतात, तेव्हा तो एक तर आजारी असतो, नाही तर पोलीस असतो. इथे आल्यापासून माझ्याबरोबर कोणी जेवलेलं नाही."

मी ते जसंच्या तसं फुलाबाईंना सांगितलं. त्या क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या, आणि मग खो खो हसत सुटल्या. "पोलीस? पोलीस असती तर ताटात एक शीत राहिलं नसतं!" हे मला पुन्हा इंग्रजीत करायला लागलं. ते कसं झालं कोण जाणे, पण वांबुईला ठसका लागला.

मी दारात उभाच होतो. फुलाबाई माझ्याकडे वळल्या. "आता तुम्ही बी बसा. का पोलिसाला सलाम ठोकीत उभं राहणार?"

माझे गुडघे फरशीवर बसू देत नाहीत. मी मोरीजवळचा उंच पाट ओढला आणि त्यावर बसलो. उरलेल्या पुरणपोळ्या आम्ही तिघांनी पडवीत खाल्ल्या. वांबुईने दोन खाल्ल्या, ठेच्याबरोबर. तसं कोणी खात असेल असं मला वाटलं नव्हतं.

सोमवारी संस्थेचा माणूस आला. वांबुईने त्याला सांगितलं की ती इथेच राहील, फक्त तिच्या जेवणाच्या वेळी कोणी उभं राहायचं नाही. त्याला ती थट्टा वाटली. त्याने माझ्याकडे पाहिलं, तर मी मान डोलावली. फुलाबाई आतून म्हणाल्या, "त्याला बी विचारा, जेवणार का. आणि बसून जेव म्हणावं."

त्यानंतर आमच्याकडे तिघांची ताटं एकदम मांडली जातात. कधी आशा असली तर चार. खूप वर्षांनी माझ्या घरात जेवताना आवाज असतो. त्यासाठी मी या दोघींचे आभार कसे मानू ते मला समजत नाही. तोंडाने म्हणायला गेलो तर फुलाबाई 'गरम हाय तवर खा' म्हणतील.

संक्रांतीच्या सुमारास एके दिवशी फुलाबाई आशाला शाळेतून घेऊन आल्या त्या हसत आणि डोळे पुसत. मी घाबरून विचारलं, "काय झालं?"

"तात्या, आज पोरगी माझ्याशी बोलली. पैल्यांदा. हातानं. आणि काय बोलली असंल?" त्यांनी तोंडाशी पेला नेल्यासारखं केलं आणि मग हात जोरजोरात नकारात हलवला. "दूध नको म्हणती! मला नाय आवडत म्हणती! अहो, इतकी वर्षं मी तिला धरून धरून साय घालून दूध पाजतेय!"

मागे वांबुई उभी होती. आशाने आजीची नक्कल पाहिली, 'तसं नाही' म्हणून मान हलवली, आणि आजीचा हात धरून तिला ती खूण नीट कशी करायची ते दाखवायला लागली.