एकवीस दिवसांचं पाणी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. कुरकुंभच्या एका कंपनीत, लॅबमध्ये पावडरीतला ओलावा तपासणं हे माझं काम. मशीनवर आकडा येतो, मी लिहिते, विषय संपला. पण आमच्या बाथरूमच्या भिंतीचं मला आजतागायत कळलेलं नाही...

घर कासुर्डीत, हायवेपासून थोडं आत. सासरे, म्हणजे आबा, यांनी स्वतः उभं राहून बांधलेलं. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. बाथरूमच्या टाइलच्या सांध्यांतून काळी बुरशी वर चढत होती आणि सासूबाईंना दमा. म्हणून सगळं काढून नव्या टाइल लावायचं ठरलं.

शब्बीरमामा आमचे जुने गवंडी. त्यांनी प्लास्टर विटांपर्यंत खरवडलं, नळाचं कनेक्शन बंद केलं आणि बजावलं, "ताई, भिंत पार वाळू द्या. वल राहिली तर बुरशी परत येनार. पानी लावायचं न्हाई."

दुसऱ्याच सकाळी भिंत चिंब. खालून चढलेली ओल नव्हती ती — वरून खाली ओघळ, नव्या बांधकामावर मगानं पाणी मारतात ना, तसं, एकही कोपरा न सोडता. सासूबाई जरा विसरभोळ्या झाल्यात, म्हणून मी त्यांच्यावरच घसरले. "आई, नसते उद्योग कशाला करता?" असं बोलले मी. आज लाज वाटते.

मी बाथरूमला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये ठेवली. तरी रोज सकाळी तेच. बादली कोरडी, जमीन कोरडी, भिंत ओली. मामा यायचे, भिंतीला हात लावायचे आणि मान हलवत परत जायचे.

एका रविवारी सकाळी मिस्टर ड्यूटीवर होते. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. बाथरूममधून आवाज आला... छप्. मग थोडं थांबून पुन्हा छप्. मी दारापर्यंत गेले, कुलपाला हात लावला, तसा आवाज थांबला. आणि दाराच्या अगदी आतल्या बाजूला कुणीतरी खाकरलं.

सून समोर असली की आबा असेच खाकरून यायचे.

मागून सासूबाई म्हणाल्या, "भिऊ नगंस. त्येच हायेत. इटा उघड्या दिसल्या, त्यांना वाटलं घर नवंच चाललंय."

"किती दिवस मारणार पाणी?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"एकवीस. तवाबी एकवीस दिस मारलं. मंग मला न्यायला आले, वडगावला, माहेरी. म्हनले, घर झालं, चल आता." आणि त्या हसल्या.

मी बोटांवर दिवस मोजले. अठरावा दिवस होता.

तसाच मामांना फोन लावला. "मामा, उद्याच टाइल लावा."

"ताई, भिंत वली हाय. टाइल धरनार न्हाई, पडंल."

"पडू द्या. पण भिंत झाका."

पुटपुटत का होईना, ते आले. दोन दिवसांत छतापर्यंत टाइल लागली.

एकविसाव्या दिवशी सासूबाई इरकल नेसून, कापडी पिशवी भरून दारापुढच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी रजा टाकली आणि दिवसभर त्यांचा हात धरून शेजारी बसले. दिवस मावळला. कुणी आलं नाही.

"का झाकलंस गं?" एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मीही रडले.

याला वर्ष होत आलं. मध्यंतरी मामांनी थापीच्या दांड्यानं टाइल वाजवून पाहिल्या. सगळ्या पोकळ... एकीनंही भिंतीला धरलेलं नाही. मग त्या पडत का नाहीत, हे त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही, लॅबमध्ये इतकी वर्षं घालवून.

आता रोज सकाळी, सासूबाई उठायच्या आधी, मी एकेका टाइलवर हात ठेवून बघते. गेल्या आठवड्यात कोपऱ्यातली एक हलली. मी दोन्ही तळव्यांनी ती दाबून धरली.

पलीकडून कुणीतरी खाकरलं.